गाळा सोडताना

भाड्याचा गाळा सोडायचा ठरला की दुकानाची सर्वांत वरची फळी आधी रिकामी होऊ लागते. रोज हात जातो त्या फळ्या भरलेल्या असतात, तसबिरीपुढची उदबत्ती वेळेवर लागते, शटर नेहमीच्या ठोक्याला वर जाते. पण शिडी लावून काढावा लागणारा माल एकदा संपला की पुन्हा भरला जात नाही. कंपनीचा सेल्समन येतो आणि निम्मी ऑर्डर घेऊन परत जातो. मालकाने अजून कोणाला काही सांगितलेले नसते. रोजचे गिऱ्हाईक मात्र सवयीने वर बघते, आणि जिथे वर्षानुवर्षे डबे दिसायचे तिथे भिंतीचा रंग दिसला की विचारते, "काय शेठ, माल कमी केलाय?" शेठ काहीतरी पुटपुटतात. आळीत बातमी फुटते ती बहुतेक वेळा अशीच.

गाळा सोडण्याची कारणे थोडी असतात आणि गावोगाव तीच असतात. कराराची मुदत संपते आणि नवे भाडे विक्रीला झेपत नाही. वाडा किंवा चाळ पुनर्विकासाला जाते. रस्ता रुंद होतो. जागामालकाच्या मुलाला तिथे स्वतःचे काही सुरू करायचे असते. क्वचित धंदा इतका वाढतो की जागा अपुरी पडते. पेढे वाटून सांगावे असे हे एकच कारण. बाकीच्या कारणांनी निघणारा दुकानदार ती बातमी जमेल तितकी लांबवतो, कारण दुकान हलणार म्हटले की उधारी थकते आणि घाऊक व्यापारी रोखीची भाषा बोलू लागतात.

महाराष्ट्रातल्या बाजारपेठांत भाडेकरू दुकानदारांच्या दोन तऱ्हा शेजारी शेजारी नांदतात. पहिली तऱ्हा पागडीची. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने शहरातली असंख्य भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली. त्या जागेत आजोबांनी दुकान थाटले, नातवाने ते चालवले, आणि भाड्याची पावती कित्येक ठिकाणी महिन्याच्या चहाच्या खर्चापेक्षाही लहान राहिली. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली आणि पागडी घेण्या-देण्याला कायद्याचे छत्र दिले. अशा दुकानदाराला जागा सोडताना हातात काही मिळते. दुसरी तऱ्हा लीव्ह अँड लायसन्सची. अकरा महिने, तीन वर्षे किंवा पाच वर्षे, दरवर्षी ठरलेली वाढ, आणि शेवटी करारातल्या तारखेला ताबा. १८८२ च्या सुखाधिकार कायद्यात या व्यवहाराचे मूळ आहे. कागदाच्या लेखी असा दुकानदार जागेत कोणताही हक्क नसलेला, केवळ वापरण्याची परवानगी असलेला माणूस ठरतो. सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत, जागेपणीचा जवळजवळ सगळा दिवस जो त्या चार भिंतींत काढतो, त्याचा त्या भिंतींशी कायद्याने मान्य केलेला संबंध एवढाच.

पागडीच्या दुकानांतली एक जात आता फार थोडी उरली आहे. पुण्याच्या पेठांत जुन्या वाड्यांच्या दर्शनी बाजूला लाकडी फळ्यांची दुकाने असत. उंबऱ्याच्या आणि वरच्या तुळईच्या खाचेत एकेक फळी सरकवत दुकान बंद करायचे. फळ्यांवर खडूने किंवा रंगाने आकडे टाकलेले असत, कारण मधली एखादी चुकली की शेवटची बसत नसे. वाडा पडला की या दुकानांना नव्या इमारतीत गाळा मिळतो, कधी दर्शनी, कधी मागच्या अंगाला. मधली दोन-चार वर्षे कुठेतरी काढावी लागतात. या तात्पुरत्या जागेचा काळच जास्त अवघड. पुष्कळ दुकाने नव्या गाळ्यात परत येतात तेव्हा बोर्डावरचे नाव तेच असते, पण आत बसणारा माणूस थकलेला असतो किंवा दुसराच असतो.

मुहूर्ताचा प्रश्न वरवर धार्मिक दिसतो, पण त्याच्या पोटात विक्रीचे गणित असते. शालेय साहित्याच्या दुकानाला मेअखेर ते जुलै हलता येत नाही. कापडवाल्याला लग्नसराईत नाही, मिठाईवाल्याला श्रावणापासून दिवाळीपर्यंत नाही. पावसाळ्यात ताडपत्रीखालून कागद आणि धान्य नेण्याचे धाडस कोणी करत नाही. मार्चअखेर हिशेब बंद होतात, मालाची मोजदाद तशीही करायचीच असते, म्हणून एप्रिल अनेकांना बरा वाटतो आणि अक्षय्य तृतीया हाताशी येते. दसऱ्याला नव्या जागेत पूजा करायची म्हटली तर बांधाबांध पितृपक्षात येते, आणि पितृपक्षात नव्या कामाला हात लावायचा नाही. यावर जुन्या माणसांकडे तोड आहे. प्रवासाचा दिवस चांगला नसेल तर आदल्या एखाद्या शुभ दिवशी आपली एक वस्तू दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची, म्हणजे निघणे त्या दिवशीच झाले. याला प्रस्थान ठेवणे म्हणतात. काही दुकानदार गणेश चतुर्थीला नव्या गाळ्यात एक वजन आणि कोरी वही ठेवून येतात. मग उरलेल्या दिवसांत खोकी भरायला मन कचरत नाही.

मोजदाद सुरू झाली की दुकानाचे वय कळते. पुढच्या फळीवर या महिन्याचा माल, त्यामागे गेल्या वर्षीचा, आणि पोटमाळ्यावर, जिथे वाकूनच जावे लागते, तिथे वीस-तीस वर्षे मागे जाता येते. स्टेशनरीच्या दुकानात कार्बन पेपरचे गठ्ठे, टंकलेखन यंत्राच्या फिती, शाईच्या गोळ्या. फोटोच्या दुकानात मुदत संपलेले रोल. एसटीडी-पीसीओचा पिवळा फलक, ज्याच्या मागच्या बाजूवर कोणीतरी नंतर साबणाचे भाव लिहिले. किराण्याच्या दुकानात शेर, अच्छेर आणि चिपट्याची मापे. १९५६ च्या कायद्यानंतर मेट्रिक पद्धत टप्प्याटप्प्याने आली आणि ही मापे गल्ल्याखाली गेली ती तिथेच राहिली. या मालाची किंमत वहीत शून्य असते. तरी तो टाकताना हात अडतो, आणि त्याला केवळ भावनिकपणा म्हणणे बरोबर नाही. प्रत्येक न खपलेल्या वस्तूमागे दुकानदाराने कधीतरी केलेला एक अंदाज असतो: हे लोकांना लागेल. चाळीस वर्षांच्या अंदाजांपैकी खरे ठरलेले केव्हाच लोकांच्या घरी गेले. पोटमाळ्यावर उरलेत ते चुकलेले. दुकान एका जागी असते तोवर ते एकत्र दिसत नाहीत. हलताना ते सगळे एकाच दुपारी खाली येतात.

दुसऱ्याचा माल हा त्याहून नाजूक भाग आहे. शिंप्याकडे, घड्याळ दुरुस्तीवाल्याकडे, लाँड्रीत, फ्रेमवाल्याकडे न नेलेल्या वस्तूंचा एक कप्पा असतो. फॉल-पिको झालेली साडी, कॉलर बदललेला शर्ट, नवा पट्टा बसवलेले घड्याळ, चौकटीत बसवून तयार असलेला कोणाच्या तरी आजोबांचा फोटो. चिठ्ठीवर आडनाव आणि तारीख असते, जुन्या चिठ्ठ्यांवर फोन नंबरही नसतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात दुसऱ्याची वस्तू सांभाळणाऱ्याची जबाबदारी सांगितली आहे: साधारण समजूतदार माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी त्याने तिची घ्यावी. मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवण्याचा कारागिराचा हक्कही त्याच कायद्यात आहे, आणि तो समजावताना दिलेल्या उदाहरणांत एक शिंपी आहे. पण वस्तू न्यायला कोणी आलेच नाही तर काय, याला प्रत्यक्षात प्रत्येक कारागिराचे स्वतःचे उत्तर असते. काही जण वर्ष उलटल्यावर कपडे देऊन टाकतात. कितीतरी जण ते नव्या दुकानात घेऊन जातात, नव्या कपाटात एक खण त्यासाठी काढतात, आणि भाड्याच्या जागेतला महागडा चौरस फूट अनोळखी आडनावांसाठी राखतात. हिशेबाच्या दृष्टीने याला अर्थ नाही. धंद्याच्या दृष्टीने मात्र आहे, कारण ज्या शिंप्याने आठ वर्षांपूर्वीचा परकर-पोलक्याचा जोड जपून ठेवला त्याच्याकडे माणूस निर्धास्तपणे नवे कापड टाकतो.

यानंतर भिंतींची पाळी. काय उखडून नेता येते आणि काय तिथेच ठेवावे लागते, यावर निघण्याच्या आठवड्यात सर्वाधिक वाद होतात. जमिनीला जे पक्के जोडले ते जमिनीचे, असा जुना इंग्रजी नियम होता. भारताच्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने भाडेपट्टेदाराच्या बाबतीत तो सौम्य केला: त्याने जे बसवले ते ताबा सोडण्यापूर्वी तो काढून नेऊ शकतो, मात्र जागा मिळाली तशी परत करायला हवी. नुसती परवानगी असलेल्यालाही सामान हलवायला वाजवी वेळ मिळायला हवा असे सुखाधिकार कायदा सांगतो. वाक्ये स्वच्छ आहेत. भिंत तेवढी स्वच्छ नसते. काचेचे शोकेस, काउंटर, पंखे, रॅक हे निघते. लादी निघत नाही. पीओपीचे छत निघत नाही. पोटमाळा लोखंडी असेल तर कापून निघतो, आणि खांबांत रुतलेली टोके राहतात. पिठाच्या गिरणीचे काम तर फारच जिकिरीचे. चक्की पायात बोल्टने जखडलेली असते, ती सोडवायची तर काँक्रीट फोडावे लागते. तीन फेजची वीजजोडणी नव्या जागेत वेगळी मागावी लागते. आणि भिंतीच्या खडबडीत गिलाव्यात बसलेले पीठ रंगाचे दोन हात दिले तरी पावसाळ्यात वास धरते. गिरणी गेल्यावर तिथे मोबाइलचे दुकान आले तरी जुने लोक त्या भिंतीजवळून जाताना ज्वारीचा वास येतो म्हणतात, आणि ते खरे असते.

जे कशानेच उचलता येत नाही त्याची कायद्याने आणि हिशेबशास्त्राने मोजदाद करायचा प्रयत्न केला आहे. व्यवसायाचा नावलौकिक म्हणजे जुनी गिऱ्हाइके जुन्याच जागी येत राहतील ही शक्यता, अशा अर्थाची व्याख्या इंग्लंडच्या लॉर्ड एल्डन यांनी १८१० मध्ये केली. ती अपुरी होती, कारण तिने सगळे श्रेय जागेला दिले. १९२७ च्या इंग्लंडमधल्या एका कायद्याने, निदान पाच वर्षे धंदा केलेल्या भाडेकरूला जागा सोडताना त्याने तिथे मिळवलेल्या नावलौकिकाचा मोबदला मागता येऊ लागला. मग प्रश्न आला की त्यातला जागेला चिकटलेला भाग किती आणि माणसाबरोबर जाणारा किती. १९३४ च्या एका खटल्यात न्यायमूर्ती स्क्रटन यांनी त्यासाठी एका ग्रंथातली गिऱ्हाइकांची वर्गवारी वापरली. मांजर घराला धरून राहते, मालक गेला तरी. कुत्रा मालकाच्या मागे जातो, घर कुठेही असो. उंदराला दोघांचेही सोयरसुतक नसते, तो सोय बघतो. भाडेकरूने जागेत जे मागे ठेवले ते मांजरापुरते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयासमोर १९६१ मध्ये मुंबईच्या चर्चगेटवरच्या इरॉस चित्रपटगृहाचा आणि त्याच्या उपाहारगृहाचा प्रश्न करआकारणीच्या निमित्ताने आला, तेव्हा तिथेही या वर्गवारीचा उल्लेख झाला. जागेचा वाटा असतो, पण नावलौकिक नुसता जागेचा नसतो. सेवा, नाव, वर्षे, माणसे अशा पुष्कळ गोष्टी त्यात मिसळलेल्या असतात, असा त्या निकालाचा रोख आहे. महाराष्ट्राच्या भाडे कायद्यात मात्र निघणाऱ्या दुकानदाराला नावलौकिकाचा मोबदला देण्याची तरतूद नाही. ज्याने पंधरा वर्षे खपून एक कोपरा नावारूपाला आणला, त्याच कोपऱ्याचे वाढलेले भाडे त्याला बाहेर काढते. ही गोष्ट अन्यायाची आहे, आणि ती रोज कुठल्या ना कुठल्या बाजारात घडते.

मुंबईतली दोन ठिकाणे या संदर्भात आठवतात. टी. एन. शानभाग यांनी १९४८ मध्ये कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमाच्या आवारात पुस्तकांचा छोटा स्टॉल टाकला. पुढे दुकान फोर्टमध्ये गेले. सिनेमाशी त्याचा काही संबंध उरला नाही, पण नाव स्ट्रँड बुक स्टॉलच राहिले. वाचक पुस्तकांमागे आणि शानभागांमागे आले. सोडलेल्या जागेचे नाव पाटीवर मिरवत ते दुकान २०१८ पर्यंत चालले. दुसरे ठिकाण जहांगीर आर्ट गॅलरीतले समोवार. उषा खन्ना यांनी १९६४ मध्ये सुरू केलेले हे कॅफे म्हणजे गॅलरीच्या मागच्या बाजूची एक लांबट, चिंचोळी जागा. एका अंगाला हिरवळ, आणि टेबलांवर चित्रकार, पत्रकार, विद्यार्थी. ३१ मार्च २०१५ रोजी ते बंद झाले आणि जागा गॅलरीकडे गेली. तिथले पराठे दुसरीकडे करता आले असते. प्रदर्शन बघून बाहेर पडल्यावर चहाच्या टेबलाशी सहज थबकणारी पावले दुसरीकडे नेता आली नसती. काही धंदे जागा सोडू शकतात आणि काहींना जागा सोडणे म्हणजे दुकान वाढवणेच असते. आपला धंदा कोणत्या जातीचा हे दुकानदाराला पुष्कळदा नव्या जागेत सहा महिने काढल्यावर समजते.

अख्खा बाजारच हलला तर गोष्ट वेगळी. मुंबईच्या मशीद बंदर परिसरातला कांदा-बटाट्याचा आणि मसाल्याचा घाऊक व्यापार १९८० च्या दशकापासून टप्प्याटप्प्याने वाशीच्या बाजार समितीत गेला. व्यापाऱ्यांचा विरोध मोठा होता, पण शेजारी, स्पर्धक, दलाल, माथाडी आणि गिऱ्हाईक असे सगळेच गेले, त्यामुळे भाव विचारायला कोणी जुन्या गल्लीत थांबला नाही. एकटे दुकान हलते तेव्हा ही सोबत नसते. मग दोनशे पावलांचे अंतरही पुरते. नुसता रस्ता ओलांडला तरी फरक पडतो. मुंबईच्या उपनगरांत स्टेशनच्या रस्त्याला दोन बाजू असतात: सकाळी लोक धावत जातात ती एक आणि संध्याकाळी परततात ती दुसरी. वर्तमानपत्र, चहा, पानाची टपरी सकाळच्या बाजूला चालते. भाजी, फरसाण, किराणा, मुलांची वही संध्याकाळच्या बाजूला. फरसाणवाला भाडे कमी म्हणून सकाळच्या बाजूला गेला तर गर्दी तेवढीच दिसते, पण तिच्यातल्या कोणाला थांबायला वेळ नसतो.

कागदांचे काम कंटाळवाणे आहे, तरी ते सांगायला हवे, कारण छोटे दुकानदार तिथेच अडतात. वस्तू व सेवा कराच्या नोंदणीतला मुख्य पत्ता बदलला की १५ दिवसांत दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो आणि त्याला अधिकाऱ्याची मान्यता मिळावी लागते. दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात थोडे कामगार असलेल्यांना नोंदणीऐवजी नुसती सूचना द्यायची आहे. लोक तिला अजून गुमास्ताच म्हणतात. खाद्यपदार्थांचा परवाना जागेगणिक असतो. औषधांच्या दुकानाचे तर सगळेच नव्याने: परवाना त्या पत्त्यापुरता, जागा निदान १० चौरस मीटर हवी, आणि नव्या जागेचा परवाना हातात येईपर्यंत तिथे एक गोळीही विकता येत नाही. म्हणून औषधविक्रेत्याला दोन्ही जागांचे भाडे काही काळ एकदमच भरावे लागते. मग बँक, वीज, इंटरनेट, छापलेली बिलबुके, रबरी शिक्के, आणि मोबाइलच्या नकाशावरचा तो ठिपका, जो बदलल्यानंतरही काही दिवस लोकांना जुन्या शटरसमोर आणून उभे करतो.

ज्यांची कुठेच नोंद नसते अशी माणसे सगळ्यात शेवटी आठवतात. संध्याकाळी पिग्मीचा एजंट येतो. १९२८ मध्ये उडुपीत टी. एम. ए. पै यांच्या बँकेने सुरू केलेली ही रोजच्या लहान ठेवीची पद्धत पुढे सहकारी बँका आणि पतसंस्थांनी गावोगाव नेली, आणि हजारो दुकानांच्या दिवसाचा शेवटचा व्यवहार त्या एजंटाशी होऊ लागला. दुकान त्याच्या वाटेबाहेर गेले की तो एक खातेदार गमावतो. चहावाल्याच्या पाटीवरची सकाळ-दुपारची दोन कटिंग कमी होतात. ओळीतल्या दुकानदारांच्या भिशीत एक नंबर मोकळा होतो. शेजारच्या दुकानात चावी ठेवायची सोय, सुट्ट्या पैशांची देवाणघेवाण, जेवायला जाताना "जरा लक्ष ठेवा हो" एवढेच सांगून निघण्याचा भरवसा, हे सगळे नव्या आळीत पहिल्यापासून कमवावे लागते. आणि हाताखाली कामाला असलेला माणूस. तो चालत येत होता. नव्या जागेसाठी दोन बस बदलायच्या. मालक पगार थोडा वाढवतो, तो थोडे दिवस येतो, आणि मग त्याला घराजवळ काम मिळते. वीस वर्षे कुठला जिन्नस कुठल्या डब्यात हे ज्याला पाठ होते तोच नेमका नव्या मांडणीत नसतो.

प्रत्यक्ष हलण्याचा दिवस या सगळ्याच्या मानाने लवकर संपतो. जवळ जायचे असेल तर हातगाडी, लांब असेल तर छोटा हत्ती आणि दोन हमाल. जड आधी, काच शेवटी, वह्या मालकाच्या स्वतःच्या पिशवीत. लक्ष्मी-गणपतीची तसबीर जुन्या जागेतून सगळ्यात शेवटी निघते आणि नव्या जागेत सगळ्यात आधी जाते, हा क्रम सहसा कोणी मोडत नाही. घरची माणसे त्या दिवशी दुकानात येतात. एरवी कधी गल्ल्याच्या आत न आलेली बायको-मुले झाडू आणि फडकी घेऊन असतात. रॅक हलवल्यावर मागे भिंतीवर पेन्सिलने लिहिलेल्या बेरजा सापडतात, क्वचित वडिलांच्या हाताच्या. रंगारी आला की त्या जाणार. कोणी मोबाइलवर फोटो काढतो, कोणी काढत नाही.

मग ताबा. जागामालक, दलाल आणि दुकानदार रिकाम्या गाळ्यात उभे राहतात. मीटरचा आकडा लिहून घेतला जातो, नळ उघडून पाहिला जातो, भिंतीची भोके मोजली जातात. डिपॉझिटमधून रंगाचे किती आणि फुटलेल्या लादीचे किती यावर घासाघीस होते. या चित्रात जागामालकाला दुष्ट ठरवणे सोपे आहे आणि ते चूक आहे. त्या एका गाळ्याच्या भाड्यावर औषधपाणी चालवणारी म्हातारी माणसे थोडी नाहीत, आणि पूर्वी पागडीच्या काळात चाळीस वर्षे नाममात्र भाडे घेत इमारतीची डागडुजी करणाऱ्यांच्याही पदरी काही पडले नव्हते. तरीसुद्धा डिपॉझिट वेळेवर आणि पूर्ण परत देणे एवढी एक गोष्ट प्रत्येक मालकाला करता येण्यासारखी असते. नव्या जागेचे डिपॉझिट त्यातूनच भरायचे असते, आणि तो धनादेश महिनाभर लांबला तर दुकानदार व्याजाने पैसे काढतो.

शटरवर एक फ्लेक्स लागतो: नवा पत्ता, फोन, बाण. नवा भाडेकरू येईपर्यंत तो राहतो. नंतर जुन्या गिऱ्हाइकांना वाट सांगण्याचे काम शेजाऱ्यांवर येते, आणि चांगले शेजारी ते वर्ष-दोन वर्षे न कंटाळता करतात. नव्या दुकानात पहिले काही महिने येणारे लोक ओळखीचे असतात, पण थोडे. ते इकडे तिकडे बघतात, "मोठं झालं की दुकान" किंवा "जरा आत आहे नाही?" म्हणतात, आणि बहुधा गरजेपेक्षा थोडे जास्तच घेऊन जातात. दुकानदाराच्या ते ध्यानात येते. नवी गिऱ्हाइके हळूहळू येतात. आधी समोरच्या इमारतीतली, मग त्यांनी पाठवलेली. दुपारी बाजार ओस असतो तेव्हा मालक डब्यांची जागा बदलून पाहत असतो, कारण हात अजून जुन्या ठिकाणी जातो.

जुन्या खतावणीतली उधारी या काळात सगळ्यात जास्त बुडते. रकमा लहान असतात, शंभर, अडीचशे, सातशे. त्यासाठी कोणी कोर्टाची पायरी चढत नाही, आणि तीन वर्षे उलटली की कायद्याचा दरवाजाही सहसा बंद होतो. देणारे सगळे बुडवे नसतात. रोजच्या वाटेवर दुकान दिसत नाही म्हणून पुष्कळांच्या मनातून ते निघून जाते. दुकानदार मात्र त्या नावांवर काट मारत नाही, वही नव्या जागेत गल्ल्याखाली ठेवून देतो. म्हणून ज्यांचे नेहमीचे दुकान यंदा हलले असेल त्यांना एवढेच सांगणे आहे: एकदा नव्या पत्त्यावर जाऊन या. शिवायला टाकलेले काही राहिले असेल तर सोडवून आणा, आणि वहीत नावावर बाकी असेल तर त्याच फेरीत चुकती करा.